रणजी करंडक २०१७-१८ : विदर्भाचे विजेतेपद

हा लेख २०१७-१८ च्या मोसमातील विदर्भ संघाच्या कामगिरीविषयी आहे. लेखात उल्लेख आलेला गोलंदाज आदित्य ठाकरे हा अकोल्याचा क्रिकेटपटू आहे. त्याच नावाच्या राजकीय नेत्याशी त्याची गल्लत करू नये.

रणजी करंडक ही भारतातील राज्यस्तरीय संघांची प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धा होय. तिच्या २०१७-१८ च्या मोसमात विदर्भ संघाने पहिल्यांदाच विजेतेपद मिळवले. २९ डिसेंबर २०१७ ते १ जानेवारी २०१८ या काळात इंदूरच्या होळकर मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला. फैझ फझल संघाचा कर्णधार होता, तर चंद्रकांत पंडित हे मुख्य प्रशिक्षक होते. १९५७-५८ पासून स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने त्यापूर्वी उपांत्य फेरीही कधी गाठली नव्हती. बाद फेरीचे तिन्ही सामने विदर्भाबाहेर, सुरत, कोलकाता आणि इंदूर येथे झाले. त्यांपैकी कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भ केवळ ५ धावांनी जिंकला.

पार्श्वभूमी

रणजी करंडकाची सुरुवात १९३४-३५ मध्ये झाली. नवानगरचे महाराज आणि इंग्लंडकडून कसोटी खेळलेले फलंदाज रणजितसिंहजी यांच्या नावाने हा करंडक दिला जातो. १९५६-५७ पर्यंत ही संपूर्ण स्पर्धा बाद पद्धतीनेच खेळली जात असे. एक सामना हरला की त्या संघाचा मोसम संपला. दुबळ्या संघांच्या वाट्याला त्यामुळे वर्षाकाठी एकच सामना येई, आणि एका सामन्यातून खेळाडू घडत नाहीत. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले, तेव्हा अशा संघांना वर्षातून चार-पाच सामने मिळू लागले. विदर्भाचा रणजी प्रवेश नेमका त्याच वर्षीचा आहे.

त्याआधी हा प्रदेश स्पर्धेत नव्हता असे मात्र नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे जिल्हे १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले होते, आणि रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ खेळत असे. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि संघाच्या नावातून वऱ्हाड गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. लगेच पुढच्या मोसमात विदर्भाचा स्वतंत्र संघ मैदानात उतरला. राज्य बदलले तरी क्रिकेटच्या नकाशात विदर्भ मध्य विभागातच राहिला. मुंबई आणि महाराष्ट्र हे राज्यातील दुसरे दोन संघ पश्चिम विभागात खेळत. एकाच राज्यात तीन रणजी संघ असण्यामागे हा इतिहास आहे. नागपूरचा किंवा अकोल्याचा मुलगा कोणत्या संघातून खेळणार हा प्रश्न त्यामुळे कधी उद्भवला नाही. त्या संघातून खेळून पुढे जाता येते का, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ राहिला.

नागपुरात क्रिकेटची परंपरा जुनी आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरातच झाला. पण त्यांची रणजी कारकीर्द प्रामुख्याने इंदूरच्या होळकर संघाशी जोडली गेली. गुणी खेळाडूने बाहेर जाऊन नाव काढायचे, हा क्रम पुढेही बराच काळ चालू राहिला. वऱ्हाडात तर क्रीडासंस्कृतीचे केंद्र वेगळेच होते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांब, कुस्ती आणि कबड्डी यांना येथे जो मान होता, तो क्रिकेटला मिळायला वेळ लागला.

२००८ मध्ये नागपूरजवळ जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे नवे मैदान कसोटी सामन्यासाठी खुले झाले. मैदानापेक्षाही अधिक उपयोगी ठरली ती संघटनेची निवासी अकादमी, कारण जिल्ह्यांतून निवडलेल्या मुलांना तेथे राहून प्रशिक्षण घेता येऊ लागले. तिचा परिणाम हळूहळू दिसू लागला. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशा लागोपाठ दोन मोसमांत विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, पण दोन्ही वेळा संघ तेथेच थांबला. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि गोलंदाजीची जबाबदारी भारताचे माजी मध्यमगती गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांच्याकडे होती. पंडित हे मुंबईचे. शिस्तीच्या बाबतीत कडक म्हणून त्यांचा लौकिक आहे.

स्पर्धेचे स्वरूप

या मोसमात २८ संघ चार गटांत विभागले होते. प्रत्येक गटात सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाला सहा साखळी सामने मिळाले. निर्णायक विजयाला ६ गुण होते. विजय डावाने किंवा १० गडी राखून मिळवल्यास एक अधिक गुण मिळे. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ आणि दुसऱ्याला १ गुण मिळे. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जात.

बाद फेरीत गुणांना अर्थ उरत नाही. सामना पाच दिवसांचा असतो, आणि पाच दिवसांत निकाल लागला नाही तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. या नियमामुळे रणजीच्या बाद फेरीला एक वेगळे वळण मिळते. पहिल्या डावात मोठी धावसंख्या उभारून उरलेले दिवस खेळून काढणे हा अनेक संघांचा परिपाठ आहे. या मोसमात विदर्भाने आपले तिन्ही बाद सामने निर्णायकरीत्या जिंकले; एकदाही पहिल्या डावातील आघाडीचा आधार घ्यावा लागला नाही. उलट उपांत्य सामन्यात तर संघ ११६ धावांनी पिछाडीवर होता.

साखळी फेरी

‘ड’ गटात विदर्भासोबत बंगाल, पंजाब, हिमाचल प्रदेश, सेनादल, गोवा आणि छत्तीसगड हे संघ होते. विदर्भाने चार सामने जिंकले आणि दोन अनिर्णित राहिले. पंजाबला मोहालीत डाव व ११७ धावांनी हरवून मोसमाची सुरुवात झाली. कल्याणी येथे बंगालवर १० गडी राखून आणि नागपुरात गोव्यावर डाव व ३७ धावांनी विजय मिळाला. या तिन्ही विजयांना अधिक गुण मिळाल्याने त्यांचे २१ गुण झाले. सेनादलावरील विजयाचे ६ आणि दोन अनिर्णित सामन्यांचे मिळून ४ गुण धरता विदर्भाचे ३१ गुण झाले. दुसऱ्या स्थानावरील बंगालचे २३ गुण होते.

या टप्प्यात मुख्य भार सलामीच्या जोडीने उचलला. डावखुरा फैझ फझल आणि संजय रामस्वामी यांनी दिलेल्या भक्कम सुरुवातीमुळे मधल्या फळीवर फारसा ताण आला नाही. फझलने मोसमात एकूण ९१२ धावा केल्या. कर्नाटकच्या मयांक अगरवालच्या ११६० धावांखालोखाल त्या मोसमातील सर्वाधिक धावा होत्या. बाद फेरीत मात्र चित्र पालटले. तेथे सामने फिरवले ते गोलंदाजांनी आणि सहाव्या क्रमांकानंतरच्या फलंदाजांनी.

उपांत्यपूर्व फेरी : केरळविरुद्ध, सुरत

विदर्भ २४६ व ९ बाद ५०७ (डाव घोषित). केरळ १७६ व १६५. विदर्भ ४१२ धावांनी विजयी.

केरळची ही पहिलीच उपांत्यपूर्व फेरी होती. १९९६ मध्ये श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारे डेव्ह व्हॉटमोर त्यांचे प्रशिक्षक होते, आणि जलज सक्सेना हा त्या मोसमात सर्वाधिक ४४ बळी घेणारा फिरकी गोलंदाज त्यांच्याकडे होता. विदर्भाचा पहिला डाव २४६ धावांत आटोपला तेव्हा सामना कोणाचाही होता. मध्यमगती गोलंदाज रजनीश गुरबानी याने ३८ धावांत ५ बळी घेऊन केरळला १७६ धावांत रोखले. दुसऱ्या डावात फझलने ११९ आणि अपूर्व वानखडे याने १०७ धावा केल्या. ५७८ धावांचे लक्ष्य समोर ठेवल्यावर डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने ४१ धावांत ६ गडी बाद करून सामना संपवला.

त्याच दिवसांत नागपुरात, म्हणजे विदर्भाच्या घरच्या मैदानावर, दुसरा उपांत्यपूर्व सामना चालू होता. तो होता मुंबई आणि कर्नाटक यांच्यातला. तेव्हा ४१ वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईला कर्नाटकने डाव व २० धावांनी हरवले. कर्नाटकचा कर्णधार विनय कुमार याने पहिल्या डावात हॅट्‌ट्रिकसह ३४ धावांत ६ बळी घेतले. विदर्भाला उपांत्य फेरीत याच संघाशी खेळायचे होते.

उपांत्य फेरी : कर्नाटकविरुद्ध, कोलकाता

विदर्भ १८५ व ३१३. कर्नाटक ३०१ व १९२. विदर्भ ५ धावांनी विजयी.

१७ ते २१ डिसेंबर या काळात ईडन गार्डन्सवर झालेला हा सामना मोसमातील सर्वांत चुरशीचा ठरला. जाणकारांपैकी बहुतेकांचा कौल कर्नाटककडे होता. आठ वेळा करंडक जिंकलेल्या या संघात कसोटीत त्रिशतक झळकावलेला करुण नायर होता, बहरात असलेला अगरवाल होता आणि विनय कुमार, अभिमन्यू मिथुन व श्रीनाथ अरविंद हे तीन अनुभवी वेगवान गोलंदाज होते.

पहिल्या दिवशी मिथुनने ४५ धावांत ५ बळी घेतले आणि विदर्भ १८५ धावांत बाद झाला. त्यात सर्वाधिक ४७ धावा सरवटेच्या होत्या. उत्तरादाखल नायरने १५३ आणि सी. एम. गौतमने ७३ धावा केल्या. या दोघांना वगळले तर कर्नाटकच्या उरलेल्या सर्व फलंदाजांनी अवांतर धावांसह मिळून ७५ धावा जोडल्या. गुरबानीने ९४ धावांत ५ आणि भारताकडून खेळणाऱ्या उमेश यादवने ७३ धावांत ४ गडी बाद केले.

११६ धावांची पिछाडी भरून काढण्यासाठी विदर्भाला दुसऱ्या डावात टिकून राहणे भाग होते. गणेश सतीशच्या ८१ धावा या डावाचा कणा होत्या. सतीश मूळचा कर्नाटकचा. रणजी करंडकात आधी तो कर्नाटककडूनच खेळलेला होता. वानखडेच्या ४९ आणि सरवटेच्या ५५ धावांमुळे डाव ३१३ पर्यंत गेला. कर्नाटकला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या.

हे लक्ष्य मोठे नव्हते. पण गुरबानीचा चेंडू ईडनच्या खेळपट्टीवर उशिरा वळत होता. चौथ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हा कर्नाटकची स्थिती ७ बाद १११ होती, म्हणजे आणखी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. पाचव्या दिवशी सकाळी विनय कुमार ३६ धावांवर बाद झाला. तेथे सामना संपला असे वाटत असतानाच श्रेयस गोपाळ आणि मिथुन यांनी नवव्या गड्यासाठी ४८ धावा जोडल्या. मिथुनने ३३ धावा केल्या. तो बाद झाल्यावरही गोपाळने अरविंदला सोबत घेऊन धावसंख्या १९२ पर्यंत नेली. एका षटकाराने कर्नाटकचा विजय झाला असता. त्याच वेळी गुरबानीने अरविंदला बाद केले. गोपाळ २४ धावांवर नाबाद राहिला.

गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, म्हणजे सामन्यात १६२ धावांत १२. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मग पूर्णवेळ क्रिकेटकडे वळलेला हा गोलंदाज त्या दिवसापर्यंत विदर्भाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. पंडित यांच्यासाठीही या निकालाला एक जुना संदर्भ होता. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेश संघ बंगळुरूत कर्नाटककडूनच पराभूत झाला होता.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात पुण्यात दिल्लीने बंगालला डाव व २६ धावांनी हरवले.

अंतिम सामना : दिल्लीविरुद्ध, इंदूर

दिल्ली २९५ व २८०. विदर्भ ५४७ व १ बाद ३२. विदर्भ ९ गडी राखून विजयी.

अंतिम सामन्याआधी विदर्भापुढे एक अडचण उभी राहिली. उमेश यादवची दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी दौऱ्यासाठी निवड झाली होती, त्यामुळे तो उपलब्ध नव्हता. त्याच्या जागी अकोल्याच्या आदित्य ठाकरे याला संधी मिळाली. ऑक्टोबर १९९८ मध्ये जन्मलेला हा मध्यमगती गोलंदाज तेव्हा १९ वर्षांचा होता आणि एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पदार्पण ही दुर्मीळ गोष्ट आहे. संघव्यवस्थापन अशा वेळी सहसा अनुभवाकडे झुकते.

फझलने नाणेफेक जिंकून दिल्लीला फलंदाजी दिली. गौतम गंभीर, नितीश राणा आणि कर्णधार ऋषभ पंत यांच्या संघाला पहिल्याच सकाळी अडचणीत आणण्याचा हा डाव होता. सलामीवीर कुणाल चंडेला याला बाद करून पहिले यश ठाकरेनेच मिळवून दिले. या डावात त्याने दोन बळी घेतले. ध्रुव शोरी मात्र एका बाजूने उभा राहिला. हिम्मत सिंगसोबत त्याने शतकी भागीदारी केली, आणि दिवसअखेर दिल्लीने ६ बाद २७१ धावा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव कोसळला. गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले आणि आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर १४५ धावांवर खेळत असलेल्या शोरीला त्रिफळाचीत केले. हॅट्‌ट्रिक दोन षटकांत विभागली गेल्याने मैदानावरील अनेकांच्या ती क्षणभर लक्षातही आली नसावी. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी एकदाच झाली होती. १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली होती. दिल्लीचे शेवटचे चार गडी २४ धावांत गेले. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले.

विदर्भाच्या डावात फझलने ६७ आणि वसीम जाफरने ७८ धावा केल्या. तरीही ६ बाद २४६ अशी स्थिती झाली, तेव्हा दिल्लीची धावसंख्या ४९ धावांनी पुढे होती. सामना वळला तो येथे. यष्टिरक्षक अक्षय वाडकर आणि सरवटे यांनी सातव्या गड्यासाठी १६९ धावांची भागीदारी केली. सरवटे ७९ धावांवर बाद झाल्यावर नवव्या क्रमांकावर आलेल्या सिद्धेश नेरळनेही वाडकरसोबत शतकी भागीदारी रचली. त्याने ७४ धावा केल्या. वाडकरने १३३ धावा केल्या. हे त्याचे पहिले प्रथम श्रेणी शतक होते आणि रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या फलंदाजाने केलेले पहिलेच. तळाच्या फलंदाजांनी सहाव्या गड्यानंतर ३०१ धावा जोडल्या, आणि आघाडी २५२ धावांची झाली.

चौथ्या दिवशी दिल्लीच्या दुसऱ्या डावात राणाने ६४ आणि शोरीने ६२ धावा केल्या, परंतु मोठी भागीदारी लांबली नाही. ऑफस्पिनर अक्षय वखरे याने ४, सरवटेने ३, गुरबानीने २ आणि नेरळने १ गडी बाद केला. विजयासाठी २९ धावा हव्या होत्या. त्या विदर्भाने पाच षटकांत काढल्या. सामन्याचा एक दिवस शिल्लक होता. आठ बळी घेणारा गुरबानी सामनावीर ठरला. मोसमात त्याने ३९ बळी घेतले.

विजय मिळाला तेव्हा खेळपट्टीवर जाफर होता. मुंबईसोबत आठ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या या फलंदाजाचे हे नववे विजेतेपद होते. कनिष्ठ खेळाडूंच्या घडणीतील त्याच्या वाट्याचा उल्लेख विदर्भाच्या खेळाडूंनी वेळोवेळी केला आहे. बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंच्या जोरावर लहान संघाने यश मिळवले असे वर्णन काही ठिकाणी झाले, पण धावफलक त्याला पूर्ण दुजोरा देत नाही. अंतिम सामन्यात दिल्लीचे वीसही गडी बाद करणारे गोलंदाज विदर्भाच्या स्वतःच्या व्यवस्थेतून पुढे आलेले होते, आणि सामना फिरवणारे वाडकर, सरवटे व नेरळ हेही. जाफर आणि सतीश यांच्यावाचून हा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नसता हेही तितकेच खरे.

वऱ्हाडचे खेळाडू

विदर्भाचा संघ दीर्घकाळ प्रामुख्याने नागपूरचा संघ होता. सराव, निवड आणि गवती मैदाने यांचे केंद्र नागपुरात असल्याने अकोला किंवा अमरावतीच्या मुलाला प्रथम घर सोडावे लागे. अंतिम सामन्यातील ठाकरेचा समावेश त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. या सामन्यानंतर काही दिवसांतच १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडमध्ये असलेल्या भारतीय संघात दुखापतग्रस्त ईशान पोरेलचा बदली खेळाडू म्हणून त्याला बोलावणे आले. तो विश्वचषक भारताने जिंकला.

त्याच मोसमात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूच बिहार करंडक जिंकला. त्याच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावांची खेळी करणारा डावखुरा सलामीवीर अथर्व तायडे हाही अकोल्याचाच. एकाच मोसमात वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन्ही गटांचे राष्ट्रीय विजेतेपद विदर्भाकडे आले, याची चर्चा रणजीच्या झगमगाटात कमी झाली. अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा विदर्भाकडून मुख्यतः मर्यादित षटकांच्या सामन्यांत चमकला. दीर्घ सामन्यांत यष्टींमागची जागा वाडकरने पक्की केली होती. जितेशने २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताकडून टी-२० पदार्पण केले.

नंतरची वर्षे

मार्च २०१८ मध्ये नागपुरात झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारत संघाविरुद्ध ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. जाफरने वयाच्या चाळिसाव्या वर्षी २८६ धावा केल्या. पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तो करंडकही विदर्भाला मिळाला. २०१८-१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने रणजी करंडक राखला. त्या अंतिम सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले, आणि दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराला त्यानेच बाद केले. पंडित पुढे मध्य प्रदेशात गेले आणि २०२१-२२ मध्ये त्या संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

२०२३-२४ च्या अंतिम सामन्यात विदर्भ वानखेडे मैदानावर मुंबईकडून १६९ धावांनी पराभूत झाला. या सामन्यात विदर्भाच्या डावाची सुरुवात अकोल्याचा तायडे आणि शोरी यांनी केली. इंदूरला दिल्लीकडून १४५ धावा करणारा शोरी तोवर विदर्भाकडे आला होता. २०२४-२५ मध्ये वाडकरच्या नेतृत्वाखाली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. नागपुरातील या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी केरळ होता आणि निकाल पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर लागला. विदर्भाच्या दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायर हा ईडन गार्डन्सवर कर्नाटककडून विदर्भाविरुद्ध १५३ धावा करणारा तोच फलंदाज. केरळकडून ७९ धावा करून विदर्भाची आघाडी कमी करत आणणारा डावखुरा खेळाडू होता आदित्य सरवटे. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून त्याच्या धावाही ७९ च होत्या.